चौथीच्या वयाचा मुलगा, गणित दुसरीचं: घरी शिकवताना कितवीची पुस्तकं घ्यावीत?

नाशिकच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नऊ वर्षांचा. तिसरीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता, जूनपासून घरीच शिकतोय. शाळेत असता तर आता चौथीत असता. एका परदेशी अभ्यासक्रमाचा चौथीचा पूर्ण संच मागवायचं घाटत होतं. त्याआधी त्यांची ऑनलाइन पातळी-चाचणी दिली, तर गणित दुसरीचं निघालं आणि इंग्रजी वाचन पाचवीचं. मराठी गोष्टी तो आवडीने ऐकतो, पण स्वतः वाचताना जोडाक्षरांना अडखळतो. नवरा म्हणतो चौथीच घ्या, नाहीतर मागे पडेल. नणंद शिक्षिका आहे, ती म्हणते तिसरी पुन्हा करून घ्या. तर नक्की कितवी घेऊ?

मी आधी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आता घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना अभ्यास आखून द्यायला मदत करते. जून-जुलैत हा प्रश्न मला हमखास येतो, आणि बहुतेक वेळा असाच, एका आकड्याची मागणी करत.

ताई, तुम्ही एक आकडा शोधताय कारण संच एका आकड्याने विकला जातो. शाळेलाही एक आकडा लागतो, कारण चाळीस मुलं एका खोलीत बसवायची तर सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक असावं लागतं. तुमच्या घरी ती अडचण नाही. तुम्हीच लिहिलंय की गणित एका जागी आहे, इंग्रजी दुसऱ्या आणि मराठी तिसऱ्या. याची सरासरी काढून सगळंच तिसरीचं किंवा सगळंच चौथीचं घेतलं, तर रोज सकाळी गणितात रडारड आणि बाकीच्या विषयांत जांभया, असं होणार. नवरा आणि नणंद दोघंही अर्धे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या विषयांबद्दल.

म्हणून ‘कितवी’ हा प्रश्न प्रत्येक विषयाला वेगळा विचारा. त्यातही सगळ्या विषयांत पातळी सारखी काटेकोर लागत नाही. गणितात आणि वाचनात ती लागते, कारण तिथे आजचं कालच्यावर उभं असतं. परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान यांत तिची फारशी फिकीर करू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली, शाळा का सोडली. घाबरून, मार खाऊन किंवा सततच्या टोमण्यांनी वैतागून सोडली असेल तर आत्ताच्या कुठल्याही चाचणीत मूल खाली दिसेल. कागद पाहिला की डोकं बंद होतं. अशा मुलाला आधी काही आठवडे गोष्टी, खेळ, बाजारहाट, स्वयंपाक एवढंच करू द्या आणि मग तपासा. दुसरी, परत शाळेत घालायचं आहे का. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम ४ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या, शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो, त्यामुळे घरी दुसरीचं गणित केलं म्हणून कुणी त्याला दुसरीत बसवणार नाही. मात्र महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. सहावीत किंवा त्यापुढे परत घालायचा विचार असेल तर त्या शाळेत आधीच जाऊन चौकशी करून ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे शिकवणार कोण आणि किती वेळ. नोकरी सांभाळून संध्याकाळचा तासभरच मिळत असेल, तर ज्यात मुलाला स्वतःचं स्वतः पुढे जाता येईल अशी, म्हणजे किंचित सोपीच, पुस्तकं बरी पडतात.

आता विक्रेत्याच्या चाचणीबद्दल. ती खोटी नसते, पण ती एवढंच सांगते की त्या मालिकेत हा मुलगा कुठे बसेल. पुस्तकावरच्या आकड्याला त्या मालिकेबाहेर फारसा अर्थ नाही. अमेरिकेतल्या सॅक्सन या गणिताच्या मालिकेत ‘७/६’ असं पुस्तक असतं. सर्वसाधारण सातवीच्या किंवा पुढे असलेल्या सहावीच्या मुलासाठी, असा त्याचा अर्थ. सिंगापूर पद्धतीच्या पुस्तकांत प्रत्येक इयत्तेचे ए आणि बी असे दोन भाग असतात, आणि शाब्दिक उदाहरणं पट्ट्यांच्या आकृत्या काढून सोडवायची सवय लवकरच लावलेली असते. आपल्याकडून आलेलं मूल तिथे खाली दिसतं, कारण त्याला गणित येत नाही असं नेहमीच नसतं, त्याने ती रीत कधी पाहिलेली नसते. शिवाय अमेरिकी आवृत्तीत इंच, पौंड आणि सेंट. नाशिकच्या मुलाला पाव किलो आणि अर्धा लिटर कळतं. त्याला औंस विचारून त्याची पातळी ठरवण्यात अर्थ नाही.

इंग्रजी वाचनाच्या ‘पाचवी’वर तर मी मुळीच भरवसा ठेवणार नाही. ऑनलाइन चाचणीत पर्याय असतात. हुशार मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतं, त्याच्या आसपासचा पर्याय निवडतं आणि सुटतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांमध्ये हे फार दिसतं: वाचन झुळझुळ, समज अर्धवट. त्याला पाचवीच्या इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या, पुस्तक मिटा आणि ‘काय झालं ते मराठीत सांग’ म्हणा. मराठीत मुद्दाम, कारण इंग्रजीत सांगता आलं नाही तर बोलणं अडलं की समजणंच नव्हतं हे तुम्हाला कळणार नाही. मराठीत नीट सांगितलं तर पाचवी खरी. नाही सांगितलं तर एकेक इयत्ता खाली उतरत जा, जिथे तो तीन-चार वाक्यांत गोष्ट सांगू शकेल तिथे थांबा.

गणितावर जरा जास्त बोलते, कारण तुमचं खरं काम तिथे आहे.

‘गणित दुसरीचं’ म्हणजे काय येत नाही, हे त्या निकालात नाही. ते शोधायला चाचणी लागत नाही, मुलाशेजारी वही घेऊन बसायला लागतं. बालभारतीची दुसरी, तिसरी आणि चौथीची गणिताची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही. तीन-चार दिवस सकाळी पंधरा-वीस मिनिटं, मूड चांगला असताना, त्यातून थोडी थोडी उदाहरणं घाला. चूक झाली की लगेच दुरुस्त करू नका. ‘हे कसं केलंस?’ एवढंच विचारा. उत्तरापेक्षा तुम्हाला ती गोष्ट हवी आहे.

उदाहरण घ्या: ५२ वजा २७. एक मूल लिहितं २४ किंवा २६. त्याला हातच्याची वजाबाकी येते, मोजताना एकाने चुकलं. ते मूल दुसरीचं नाही. दुसरं मूल लिहितं ३५. त्याने काय केलं? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. जो अंक मोठा त्यातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली. त्या मुलासाठी ५२ ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी उभे दोन अंक आहेत. दोघांचंही उत्तर चूक, चाचणीत दोघांनाही शून्य. पण पहिल्याला तिसरीचं पुस्तक चालेल आणि दुसऱ्याला दशक-एककापाशी परत न्यायला हवं. त्याच मुलाला ४०३ वजा १५८ दिलं तर तो ३५५ लिहील, आणि पुढे भागाकारात तीच चूक वेगळ्या वेषात येईल.

३५ लिहिलं तर आणखी एक पायरी तपासा. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि म्हणा, मला सत्तावीस रुपये दे. तो थबकला आणि ‘सुटे हवेत’ म्हणाला, नोट मोडून आणली, तर कल्पना त्याच्याकडे आहे, ती कागदावर कशी उतरवायची एवढंच राहिलंय. हे काम एक-दोन आठवड्यांचं आहे, आख्ख्या दुसरीचं नाही. नोट मोडायची हे सुचलंच नाही तर मात्र काड्यांचे गठ्ठे काढा आणि घाई करू नका. सुचत असेल तर ‘सुटे’ हा शब्द महिनाभर तसाच वापरा. ‘दशक सोडवणे’ पुढे कधीही शिकता येतं.

पाढ्यांचंही तसंच. ‘सात एके सात’ पासून गाडी सुरू केली की सत्तरपर्यंत धडधडत जाणारी मुलं असतात, पण मधूनच ‘सात आठे?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पाढे पाठ आहेत, उपयोगाला येत नाहीत. त्यासाठी इयत्ता खाली आणायचं कारण नाही, रोज पाच मिनिटं उलटसुलट विचारा.

शाब्दिक उदाहरणांत इंग्रजी माध्यमाच्या मराठी मुलांची वेगळीच भानगड असते, आणि ती तपासायला आपल्याकडे एक छान सोय आहे. बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतं, तीच प्रकरणं, तीच उदाहरणं. दोन्ही पीडीएफ उघडा. एक उदाहरण आज इंग्रजीतून द्या. चुकलं तर तेच उद्या मराठीतून, तुम्ही स्वतः वाचून दाखवा. मराठीत सुटलं तर गणित शाबूत आहे, अडसर भाषेचा आहे. दोन्हीकडे चुकलं तर गणिताचा. मुद्दाम असं उदाहरण घाला: सईकडे ४५ बोरं आहेत, ती ओमच्या बोरांपेक्षा १८ ने जास्त आहेत, तर ओमकडे किती? ‘जास्त’ ऐकलं की बेरीज करायची अशी सवय लागलेली मुलं ६३ म्हणतात. विचार करणारं मूल जरा थांबतं, आणि मग चुकलं तरी मला चालतं.

एक छोटी सूचना. तुम्ही तोंडी गणित मराठीतून विचारत असाल तर आधी बघा की त्याला मराठी संख्या येतात का. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर, इंग्रजीत उलट. इंग्रजी माध्यमाची कित्येक मुलं त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात आणि घरच्यांना वाटतं स्थानिक किंमत कळत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ती पद्धत आवडो न आवडो, जिच्यासाठी आणली ती अडचण खरी आहे.

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल तर सुरुवातीला ‘असर’ची चाचणी वापरा. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून चालतं आणि त्याचा मराठी तक्ता उपलब्ध आहे. वाचनात अक्षर, शब्द, साधारण पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. समोर बसून, एकेकट्या मुलाची, तोंडी घ्यायची असते, म्हणून मला ती आवडते. त्याच संस्थेच्या वर्गांमध्ये तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता बाजूला ठेवून, काय येतं त्यानुसार गटांत बसवतात. म्हणजे तुम्ही करताय ते काही जगावेगळं नाही.

पातळी ठरवायचा माझा अंदाज असा: मदत न करता, नव्या पानावरच्या दहा उदाहरणांपैकी सात-आठ बरोबर येत असतील तर पुस्तक योग्य. दहाच्या दहा, तेही भराभर, तर पुढे जा. पाच किंवा कमी, तर मागे. हा आकडा कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही. पण घरी एकट्याने बसणाऱ्या मुलाला चार चुकांच्या वर रोज सोसत नाही, शाळेत निदान शेजारच्याचीही चुकलेली असतात.

तुमच्या मुलाबाबत, न बघता, माझा अंदाज सांगते. संख्या आणि वजाबाकी दुसरीपासून, सगळं पुस्तक नाही, तेवढीच प्रकरणं, दीड-दोन महिने. त्याच वेळी कोन, घड्याळ, आकृतिबंध, मापन हे चौथीच्या पुस्तकातून चालू ठेवा. या प्रकरणांना हातच्याची वजाबाकी क्वचितच लागते आणि ‘मी चौथीचं करतोय’ हे त्याला दिसतं. मग तिसरीच्या पुस्तकातलं जे नवीन आहे तेवढं घ्या. प्राथमिकच्या पुस्तकांत दर वर्षी मागची उजळणी असतेच, ती पानं सोडली तर एक पुस्तक चार-पाच महिन्यांतही होतं. नणंदेचं ‘तिसरी पुन्हा’ मला पटत नाही ते यासाठी. ज्या पानांवर तो अडला ती तिसरीची नाहीत, त्यामुळे तिसरी दुसऱ्यांदा केली तरी तो तिथेच अडेल. आणि पाचवीच्या पुस्तकात पुढे भिन्नच्छेद अपूर्णांक आणि दशांश वाट बघत उभे आहेत. तिथे स्थानिक किंमत कच्ची राहिलेलं मूल हमखास गळपटतं, म्हणून आत्ता थांबणं स्वस्त पडतं.

मराठी वाचन. साधारण शंभर शब्दांचा, आधी न वाचलेला उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि चुका मोजा. पाचाच्या आत चुका असतील तर तसली पुस्तकं त्याने एकट्याने वाचावीत. पाच ते दहा असतील तर तुमच्याबरोबर बसून. दहाच्या वर असतील तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं आहे. वेगाचा अंदाज हवा असेल तर केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या प्राथमिक वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, समजून, असं लक्ष्य ठेवलंय. घड्याळ लावलेलं मुलाला दिसू देऊ नका.

जोडाक्षरांना अडखळतो म्हणजे मराठीची पातळी कमी असं लगेच म्हणू नका. कुठल्या जोडाक्षरांना? ‘पुस्तक’, ‘गोष्ट’ जमतं आणि ‘सूर्य’, ‘प्रश्न’, ‘राष्ट्र’ला अडतो, असं असेल तर फक्त रफार आणि रकार राहिलेत. अक्षराच्या डोक्यावरचा र आधी म्हणायचा आणि पायातला नंतर, हे कुणी त्याला बसवून सांगितलेलंच नसतं. आठ-दहा दिवस तेवढेच शब्द घ्या, वर्तमानपत्रातले मथळे शोधून खुणा करायला लावा. इंग्रजी माध्यमासाठीची मराठीची पुस्तकं वेगळी आणि सोपी असतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ती लवकर बाळबोध वाटतात. त्यापेक्षा स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या फुकट मिळतात आणि त्यांतल्या कित्येक इंग्रजीतही आहेत. दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. ऐकायला मात्र त्याच्या समजेएवढं मोठं द्या. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत, त्यातली एखादी गोष्ट रोज रात्री वाचून दाखवा. वाचायची पातळी दुसरीची आणि ऐकायची सहावीची, असं एकाच मुलात असू शकतं आणि त्यात वावगं काही नाही.

परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान: चौथीचंच घ्या आणि वाचून दाखवा. शिवाजी महाराजांचा इतिहास समजायला हातच्याची वजाबाकी लागत नाही. तो सांगेल, तुम्ही लिहा. तुमच्या जवळ रामशेज आहे, पांडवलेणी आहेत, गोदावरी आहे. या विषयांचा परदेशी संच तर अजिबात घेऊ नका. घरात धाकटं भावंड असेल तर हे विषय दोघांना एकत्र घ्या, मोठ्याला दोन प्रश्न जास्त विचारा, झालं.

लिहिण्याचं एक वेगळं सांगते, कारण पातळी ठरवताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नऊ वर्षांच्या कित्येक मुलांचं डोकं चौथीत असतं आणि हात पहिलीत. तीन ओळी लिहून हात दुखतो, आकडे एकाखाली एक येत नाहीत, उत्तर चुकतं. गणिताला चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अंक. तेवढ्याने काहींच्या निम्म्या चुका जातात. लांब उत्तरं तोंडी घ्या. शुद्धलेखनासाठी दिवसाला पाच ओळी वेगळ्या ठेवा, त्यांचा बाकीच्या विषयांशी संबंध जोडू नका.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. ‘चौथीचा मुलगा आणि दुसरीचं पुस्तक’ हे वाक्य त्याच्या कानावर पडलं की गणित संपलं. पीडीएफमधली हवी तेवढीच पानं छापा, मुखपृष्ठ छापूच नका, फाइलला ‘संख्या’ असं नाव द्या. आजी-आजोबा आणि पाहुणे ‘कितवीत आहेस रे?’ विचारणारच, ‘चौथीत’ म्हणू दे. वयाने तो चौथीतच आहे, यात खोटं काही नाही.

निवडलेलं पुस्तक चुकलंय का हे साधारण सहा आठवड्यांत कळतं. अवघड असेल तर मूल तहान, शू, पोटदुखी काढतं, किंवा तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं: ‘बेरीज? नाही नाही, गुणाकार!’ हे दुसरं लक्षण पहिल्यापेक्षा वाईट. सोपं असेल तर अक्षर बिघडतं आणि मूर्ख चुका वाढतात. त्यामुळे नुसत्या चुका पाहून मागे नेऊ नका, एक दिवस पुढचं पान देऊन बघा. काही मुलं अवघड पानावर कमी चुकतात.

एक गोष्ट मात्र पुस्तक बदलून सुटत नाही. रोज नीट सराव होऊनही तीन-चार महिन्यांत संख्यांची वजाबाकी हलली नाही, अक्षरं उलटी होत राहिली, तोंडी हुशार आणि कागदावर अंधार असं चित्र कायम राहिलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी केंद्र आहे. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेचं असेल तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलतींसाठी उपयोगी पडतं.

नवऱ्याच्या ‘मागे पडेल’ला उत्तर म्हणून तारखा बघा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसायला किमान वय १४ लागतं आणि परीक्षेला मराठी माध्यमही घेता येतं. मधे टप्पे हवे असतील तर त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणात ए, बी आणि सी हे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. म्हणजे अगदी लवकरात लवकर धरलं तरी तुमच्या हातात पाच वर्षं आहेत, आणि घाई केली नाही तर सहा. नऊव्या वर्षी दुसरीच्या वजाबाकीला दिलेले दोन महिने त्यात कुठे दिसणारसुद्धा नाहीत.

विषयवार पातळी ठरेपर्यंत तो परदेशी संच मागवू नका. एखादी परदेशी गणिताची मालिका आवडलीच असेल तर फक्त गणित घ्या, मेट्रिक मापांची आवृत्ती मिळते का ते बघा, आणि त्यांच्या चाचणीत आलेल्या भागाच्या आधीच्या अर्ध्या भागापासून सुरू करा, रीत अंगवळणी पडायला. या आठवड्यात ५२ वजा २७ आणि सई-ओमची बोरं एवढं विचारून पाहा. त्याने काय लिहिलं आणि ‘कसं केलंस’ला काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत मला कळवा, म्हणजे कुठल्या प्रकरणापासून सुरू करायचं ते नेमकं सांगता येईल.